टेसाचं टिपण मी दाखवलं

मी ऑर्लेटा स्टँपर. शिक्षण सहावीपर्यंत, तेही शेवटचं वर्ष अर्धंच. वय एक्काहत्तर. आमच्या स्लेट खोऱ्यात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, आणि आजवर ते मी मोठ्या अभिमानानं मिरवत आले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहायचंय त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

टेसा माझी नात, मला मॅमॉ म्हणते. तिची आई, म्हणजे माझी लेक, ओहायोत ट्रक चालवते. पोर चार वर्षांची असल्यापासून माझ्याकडेच वाढली. गेल्या ऑगस्टमध्ये ती लॉ कॉलेजात गेली, इथून गाडीनं तीन तास. आमच्या खोऱ्यातून वकिलाकडे गेलेले पुष्कळ आहेत, पण वकील व्हायला गेलेली ही पहिली. चर्चमध्ये मी हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, "ऑर्लेटा, देवानं ऐकलंय."

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती चार दिवस घरी आली. पिशवी उचलली तर माझा खांदा उतरायची वेळ आली. आत सगळी पुस्तकं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं पसारा मांडला आणि रंगीत पेनांनी रेघा ओढत बसली. मी मक्याच्या पावाचं पीठ भिजवत होते.

"हे रंग कसले गं?"

"पिवळा म्हणजे काय घडलं. हिरवा म्हणजे कोर्टानं काय ठरवलं. गुलाबी म्हणजे का ठरवलं."

"आणि निळा?"

"निळा म्हणजे मला कळलं नाही."

"मग अख्खं पुस्तक निळंच दिसतंय की!"

"मॅमॉ, तू पीठ भिजव."

वर्गातल्या गोष्टीही तिनं सांगितल्या. प्राध्यापकाकडे म्हणे वर्गाचा नकाशा असतो, कोण कुठल्या खुर्चीवर बसतं त्याचा, फोटोंसकट. मनाला येईल त्याचं नाव घेतो आणि मग त्याला सोडतच नाही. पहिल्यांदा टेसाचं नाव घेतलं तेव्हा ती म्हणे मागे वळून बघायला लागली, ही कोण मिस स्टँपर म्हणून.

"मग? उत्तर दिलंस ना?"

"दिलं. मग तो म्हणाला, छान, आता समजा तो माणूस आंधळा होता, तर? त्याचं उत्तर दिलं तर म्हणाला, आता समजा दारू प्यालेला होता, तर?"

"असल्या माणसाला मी दुसऱ्यांदा वाढणार नाही बघ."

ती हसली. ऑगस्टपासून पहिल्यांदाच पोटभर हसली असावी. डोळ्यांखाली काळं झालं होतं. म्हणाली, वर्गात सगळे हुशार, बऱ्याच जणांचे आईबाप वकील, आणि गुण एकमेकांशी तोलून देतात. एकाचा वर गेला की दुसऱ्याचा खाली येणारच.

सोमवारी तिला एक टिपण द्यायचं होतं. पहिल्या सहामाहीतलं सगळ्यात मोठं काम. शिकवणाऱ्या बाईंनी एक प्रकरण रचून दिलेलं. बोलिंगच्या हॉलमध्ये ओल्या फरशीवरून एक बाई घसरते आणि तिचं खुब्याचं हाड मोडतं. आता मालकाचा दोष किती आणि बाईचा किती, ते जुने निकाल शोधून सगळ्यांनी आपापलं लिहायचं. अकरा पानं झाली होती. चुका शोधायला तिनं ती छापून आणली होती.

"फरशी पुसून घ्यायला मालकाला काय झालं होतं?" मी विचारलं.

"मॅमॉ, ह्यावर मी कुणाशी बोलायचं नाही. शपथ लिहून दिलीय आम्ही."

"माझ्याशीसुद्धा?"

"कुणाशीच नाही."

मला ते लागलं. आणि शपथेचं म्हणाल तर मला वाटलं, शाळेत असतात तशी काहीतरी असेल, ओळीत चाला, च्युइंगगम खाऊ नका, त्यातली.

शुक्रवारी सकाळी ती गाडीचे टायर बदलायला गावात गेली. पानं टेबलावर होती. मी पुसायला म्हणून उचलली, बघितली. पहिल्या पानावर तिचं नाव, छापलेलं, टेसा मरीन स्टँपर. आतलं मला चार ओळींच्या पुढे झेपेना. तरी अकरा पानं! मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, कोट चढवला आणि तडक टेकडीवर कूम्ससाहेबांच्या घरी गेले.

एल्डन कूम्स हे आमच्या भागातले जुने वकील, मूळचे शहराकडचे. आता निवृत्त, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या घरी मी सव्वीस वर्षं स्वयंपाक केला, कपडे धुतले, इस्त्री केली. टेसा लहान असताना शाळा सुटली की तिथेच यायची आणि मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची. एकदा ते तिच्या शेजारून जाताना थांबले आणि मला म्हणाले, "ऑर्लेटा, हिला इस्त्री चांगली शिकव. त्या कामाला कधी मरण नाही." वाईट बुद्धीनं बोलले नसतील. पण मी ते बारा वर्षं गिळून बसले होते, आणि त्या शुक्रवारी मला ते त्यांच्या ताटात वाढायचं होतं.

त्यांनी चष्मा लावला, पानं घेतली, कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली. वाचत गेले. मध्ये एकदा "हं" म्हणाले. सातव्या पानावर एका परिच्छेदावर आडवी रेघ मारली.

"पोरगी लिहिते बरं. पण हा निकाल मेलाय. वरच्या कोर्टानं कधीच फिरवलाय. फरशी ओली दिसत होती म्हणून दोष बाईचाच, असं आता चालत नाही. ह्याच्या जिवावर ती उभी राहिली तर तोंडावर पडेल. सांग तिला."

मी किती खूश झाले म्हणून सांगू! वाटलं, बघा, मी गेले म्हणून कळलं. दुपारी टेसा जेवायला बसली, घेवड्याची बशी तिच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, "सातव्या पानावरचा तो निकाल काढून टाक. मेलाय तो. वरच्या कोर्टानं फिरवलाय."

तिचा काटा हातातच राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कूम्ससाहेबांनी. वाचलं त्यांनी सगळं. म्हणाले, बरं लिहिते."

पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मला वाटलं घास अडकला. मी पाठीवर थापटायला उठले तर तिनं माझा हात बाजूला केला.

"मॅमॉ, तोच तर सापळा होता. तो निकाल फिरलाय हे ज्याचं त्यानं शोधायचं. त्यासाठीच दिलं होतं ते काम."

"मग शोधलाच समज. आज ना उद्या सापडलाच असता तुला."

"सापडला नव्हता. तीन दिवस राहिले होते आणि मला सापडला नव्हता. आता काढला तर चोरी. ठेवला तर चूक आहे हे माहीत असून ठेवला. मी करू काय?"

"कोण सांगतंय त्यांना? मी? कूम्ससाहेब? हे चुलीलाच काय ते माहीत." असं म्हणून मी रेघा मारलेली ती पानं उचलली आणि शेगडीत घातली. मला वाटलं, विषय संपला.

टेसा शनिवारीच परत गेली. जाताना गालाचा मुका घेतला, पण नुसता घ्यायचा म्हणून.

पुढचं मला नंतर कळलं. सोमवारी तिनं टिपण जसंच्या तसं दिलं, एक शब्द न बदलता, त्या मेलेल्या निकालासकट. आणि वर चिठ्ठी लावली की माझ्या आजीनं मला न विचारता हे एका वकिलाला दाखवलं, त्यांनी अमुक चूक काढली, ती मला कळली आहे, म्हणून मी आपण होऊन सांगते आहे.

आणि ह्यातलं मला काही ठाऊक नसताना बुधवारी सकाळी फोन वाजला. एका मुलीचा आवाज, अगदी मऊ, अंत्यविधीवाल्यांचा असतो तसा.

"मिसेस स्टँपर? मी वाल्डेझ. लॉ कॉलेजच्या शपथ-मंडळाची विद्यार्थी अध्यक्ष, शपथ कुणी मोडली का ते आम्ही तपासतो. टेसाच्या टिपणाबद्दल एकच विचारायचं होतं. तिच्या नकळत ते तुम्ही कुणाला दाखवलं होतंत का?"

आमच्या खोऱ्यात राहिलेल्यालाच हे कळेल. खाणकंपनीचा माणूस येवो, शेरीफ येवो, मदतनिधीच्या हापिसातली बाई येवो, हातात कागद घेऊन कुणी काही विचारलं की पहिलं उत्तर "नाही". माझ्या बापानं मला चालायच्या आधी हे शिकवलं असेल. त्या "नाही"वर आमची घरं टिकली. आणि ही कोण कालची पोर मला विचारणारी?

"अजिबात नाही," मी म्हटलं. "कुणाला म्हणजे कुणाला दाखवलं नाही. आमच्या घरात असले धंदे चालत नाहीत. आणि माझी नात खोटं बोलत नाही, लिहून घे."

"लिहून घेते," ती म्हणाली. "आभारी आहे, मिसेस स्टँपर."

फोन ठेवून मी सफरचंदांचा थरांचा केक केला. इतकी समाधानात होते.

शुक्रवारी टेसाचा फोन आला. आवाज कोरडा.

"मॅमॉ, तू त्यांना काय सांगितलंस?"

"जे सांगायचं तेच. वाचवलं तुला."

"मी त्यांना खरं सांगितलं होतं. सोमवारीच. आता ते म्हणतात, आजी म्हणते दाखवलंच नाही, मग वकिलाकडे गेलं कोण? मी स्वतःच गेले, मग घाबरले, आणि पकडली जायच्या आधी तुझ्यावर ढकललं. असं दिसतंय ते. मला काढून टाकतील, मॅमॉ. एकदा काढलं की दुसरं कुठलं कॉलेज घेत नाही."

"मी येऊन सांगते त्यांना," मी म्हटलं.

"पानं आहेत का? पेन्सिलीच्या रेघा मारलेली?"

पानं मी जाळली होती. हे तिला माहीत होतं, तिच्यासमोरच जाळली होती. तरी तिनं विचारलं.

मी कूम्ससाहेबांना फोन केला. म्हटलं, दोन ओळी लिहून द्या. ते म्हणाले, "ऑर्लेटा, मला असं काही वाचल्याचं आठवत नाही. आणि कुणी विचारलं तरी आठवणार नाही. तू माझं नाव घ्यायचं नाहीस, इतकं तरी माझं खाल्लंयस." त्यांचं खाल्लं नाही हो मी कधी. त्यांना खायला घातलं. पण हे फोन ठेवल्यावर सुचलं.

मंगळवारी सकाळी दहाला सुनावणी. पहाटे निघाले, गाडी मीच चालवली. चर्चचा निळा झगा घातला होता, तिथे गेल्यावर वाटलं, उगाच घातला. लांब टेबल, पलीकडे पाच विद्यार्थी आणि कडेला एक प्राध्यापक. पोरं सगळी टेसाच्या वयाची. एकाच्या मिशीला अजून दूध लागलेलं. टेसा एकटी एका खुर्चीवर, हात मांडीवर. माझ्याकडे बघेना.

मिस वाल्डेझ म्हणजे एवढीशी, बारीक, केस घट्ट बांधलेली. कागद वाचून म्हणाली, "मिसेस स्टँपर, बुधवारी तुम्ही म्हणालात, कुणालाही दाखवलं नाही. आज म्हणताय, दाखवलं. ह्यातलं आम्ही कुठलं धरायचं?"

"आजचं."

"का?"

"बुधवारी मी खोटं बोलले म्हणून."

हे वाक्य मी एक्काहत्तर वर्षांत कुणासमोर उच्चारलं नव्हतं. पाद्रीबाबांसमोरसुद्धा नाही.

"नातीला वाचवायला बुधवारी खोटं बोललात," तो मिशीवाला म्हणाला, उद्धटपणे नाही, सरळच, "तर आजही तिला वाचवायलाच बोलत नसाल कशावरून?"

टेसाला वर्गात असंच विचारत असतील. पानं नव्हती, कूम्ससाहेब नव्हते, आणि माझा शब्द मीच नासवून ठेवला होता. मी घडलं ते सांगायला लागले. टायर, वर्तमानपत्र, टेकडी, सातवं पान, आडवी रेघ. त्यांच्याकडेच का गेले, ते इस्त्रीचंही सांगितलं. टेसाची मान तेव्हा वर झाली. तिला ते माहीत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही तिथे किती वेळ होतात?" मिस वाल्डेझनं विचारलं.

"पाऊण तास."

"ते वाचत असताना तुम्ही समोर बसला होतात?"

"नाही. उभी होते."

"पाऊण तास उभ्या? काय करत होतात?"

हे मी वर लिहिलं नाही. लिहायला हात धजला नव्हता.

मी मागच्या दारानं गेले होते. पुढचं दार आहे, घंटा आहे, आणि मी नातीची फुशारकी मारायला चालले होते, तरी पाय आपोआप मागे वळले. त्यांनी बसायला सांगितलं नाही. मी बसले नाही. त्यांनी पानं हातात घेतली आणि न बघताच म्हणाले, "तोवर तेवढं बघून घे गं." मोरीत आठवड्याचे कप पडले होते, बशा, एक करपलेली कढई. आणि मी बाह्या वर केल्या. ते माझ्या नातीचं वाचत होते आणि मी त्यांची कढई घासत होते. रेघ मारली तेव्हा मी हात पुसत पुसत वाकून बघितलं, बोटांचं पाणी सातव्या पानावर पडलं. सगळं धुऊन, फडकं वाळत घालून मगच मी निघाले. आणि वर "थँक यू, साहेब" म्हणाले.

हे सगळं मी त्या पाच पोरांसमोर सांगितलं. शेवटी शेवटी माझा आवाज मलाच ऐकू येईना. "कुणाला वाचवायचं म्हणून असं रचलं असतं," मी म्हटलं, "तर मी त्यात पुढच्या दारानं गेले असते."

मिशीवाल्यानं पेन खाली ठेवलं. टेसाचे कान लाल झाले होते. तिला माझी कीव आली होती की लाज वाटत होती, मी ओळखू शकले नाही, आणि दोन्हीतलं काय बरं असतं तेही मला सांगता येणार नाही.

आम्हाला बाहेर बसवलं. अर्ध्या तासानं बोलावलं. टेसाला काढणार नव्हते. तिचं टिपण धरायचं नाही, नाताळच्या सुट्टीत दुसऱ्या प्रकरणावर नवं लिहायचं, कॉलेजातच बसून. आणि झाल्या प्रकाराची नोंद तिच्या फायलीत राहणार. तीन वर्षांनी ती वकिलीची सनद मागायला जाईल तेव्हा तिचं चारित्र्य तपासणारे लोक ती फाईल उघडतील आणि तिला समजावून सांगावं लागेल. त्या फायलीसाठी माझं म्हणणं माझ्या अक्षरात हवं होतं.

"मी टाइप करून देऊ का?" मिस वाल्डेझ म्हणाली. "तुम्ही सांगा, मी लिहिते."

"मला लिहिता येतं," मी म्हटलं. मेली तेवढी घमेंड शिल्लक होती.

बाहेरच्या बाकावर बसून लिहायला मला तासभर लागला. शेजारून पोरं जात होती, पुस्तकं छातीशी धरून, दोघी-तिघींनी टेसाला "हाय" केलं आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. बातमी पसरली होती. टेसा उभी होती. बाराला तिचा वर्ग होता, तो मघाशीच सुरू झाला होता.

लिहून झालं. एक पान, मागे थोडं. साक्ष म्हणून तिची सही लागणार होती. तिनं वाचलं. हल्ली ती वाचताना भुवया जवळ आणते, कॉलेजात लागलेली सवय. पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"मॅमॉ, कढई नाही ह्यात. कप नाहीत. मागचं दार नाही."

"ते आत सांगितलं की मी. त्यांनी ऐकलं."

"फाईल वाचणाऱ्यानं ऐकलेलं नाही."

"त्याला काय करायचंय माझ्या कपांशी? पाऊण तास होते एवढं लिहिलंय. खोटं काही नाही त्यात."

"खोटं नाही. पण आत त्यांचा विश्वास बसला तो तेवढ्यावरच. ते गाळलंस तर ह्या कागदात तुझा शब्द आहे आणि माझा शब्द आहे, बाकी काही नाही. तीन वर्षांनी कुणीतरी पुन्हा म्हणेल, ही गोष्ट रचलीय." तिनं माझ्या मांडीवरच्या कागदावर बोट ठेवलं. "मलाही ते नकोय त्यात. माझी आजी भांडी घासत होती हे माझ्या फायलीत कायम राहणार, मला कळत नाही का? पण तेच तर झालं होतं."

मी तिच्याकडे बघितलं. इतके दिवस मला वाटायचं, वकील म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई, माझ्यासारखी, फक्त शिकलेली. मी मिरवत होते ते हेच. ही तशी नव्हती.

"पेन दे," मी म्हटलं.

मी कागद उलटा केला आणि राहिलेल्या जागेत लिहायला लागले. बाकाला टेकायला पाठ नव्हती. मागचं दार लिहिलं. कप लिहिले. कढई करपलेली होती तेही लिहिलं. "थँक यू, साहेब"शी येऊन थांबले. मग तेही लिहिलं, खाली सही केली.

तिनं शेजारी तिची सही केली, तारीख घातली, कागद आत नेऊन दिला. परत आली तेव्हा पिशवी खांद्यावर होती.

"गाडी सांभाळून ने," म्हणाली, आणि उशीर झालेल्या वर्गाकडे निघून गेली.